घर आधी की शहाणपण आधी?

दिवाळीच्या आधी घर झाडून काढायचे ही आमच्याकडची रीत अजून टिकून आहे. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते २०१३ च्या श्रावणात गेले. त्या वर्षी दिवाळी करायची नव्हती. पण आई म्हणाली, फराळ नसेल तर नसो, केर काढायला काही सुतक लागत नाही. म्हणून माळ्यावरची अण्णांची पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात विम्याच्या पावत्या होत्या, माझी प्रगतिपुस्तके होती आणि तळाशी सुतळीने बांधलेली जुनी पंचांगे होती. त्यांतल्या एका पंचांगात घडी करून ठेवलेली चार सरकारी पत्रे सापडली.

पत्रे एका मनोरुग्णालयाची होती. १९९१, १९९२, १९९४ आणि १९९७ या सालांची. वर जावक क्रमांक, खाली अधीक्षकांची सही, आणि मध्ये चारही पत्रांत जवळजवळ एकच मजकूर : 'आपल्या भगिनी यांची प्रकृती सुधारली असून त्या घरी जाण्यास योग्य आहेत. तरी कृपया समक्ष येऊन त्यांना घेऊन जावे.'

ही भगिनी म्हणजे माझी आत्या. १९८८ साली तिला तिथे ठेवले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तिचे बाळ बाराव्याच्या आदल्या दिवशी गेले. त्यानंतर ती बोलेनाशी झाली, मग फार बोलू लागली, मग रात्री-अपरात्री घराबाहेर पडू लागली. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली, आणि माहेर म्हणजे आमच्या दोन खोल्या. माझ्या आठवणीत ती एवढीच आहे की ती माझ्या पाटीवर मोर काढून द्यायची आणि मोराचे पाय मात्र कधीच काढायची नाही. ती गेल्यावर घरात तिच्याविषयी कोणी वाईट बोलले नाही. कोणी काहीच बोलले नाही. १९९९ साली तिरंगी शिधापत्रिका आल्या तेव्हा जुन्या पत्रिकेवरची नावे नव्या पत्रिकेवर चढली, त्यांत तिचे चढले नाही. एवढ्याने एक माणूस घरातून कमी झाले.

अण्णा दुष्ट नव्हते. मुलगा म्हणून मी त्यांची वकिली करीत आहे असे वाचकांनी समजू नये. त्या पत्रांच्या खालीच मनिऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा होता. दर भाऊबीजेला एक, अशा चोवीस. वर्षातून एकदा बहिणीला ओवाळणी पाठवणारा आणि चार वेळा बोलावूनही तिला घरी न आणणारा माणूस एकच होता, हे मला कळायला बराच काळ लागला. एखादी कादंबरी लिहिताना मी अशा माणसाला एका अंगाला झुकवला असता. आयुष्यात तो दोन्ही अंगांनी सरळ उभा असतो.

पुढच्या वर्षी मी आत्याला भेटायला गेलो. तिने मला आधी अण्णाच समजले, मग हसून म्हणाली, 'तू बाळ ना? केवढा झालास!' तिथले डॉक्टर बोलके होते. ते म्हणाले, औषध चालू राहिले, जेवणझोप वेळेवर राहिली आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी कोणी जाणते माणूस डोकावून गेले, तर या बाहेर राहू शकतील. मी विचारले, 'बाहेर म्हणजे कुठे?' डॉक्टर म्हणाले, 'ते तुम्ही सांगायचे.' मी काही सांगितले नाही. तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या तीन झाल्या होत्या. पण मुलीचे दहावीचे वर्ष होते, आईचे गुडघे दुखत होते, सौभाग्यवतींची सकाळची शाळा होती. ही सगळी कारणे खरी होती. अण्णांचीही खरीच असणार. मी एसटीने परत आलो आणि अण्णांच्या पावत्यांच्या गठ्ठ्यावर आणखी काही वर्षे माझ्या पावत्या चढल्या.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : वेड जात नाही तोवर लग्न होत नाही आणि लग्न होत नाही तोवर वेड जात नाही. लोक ती थट्टेने म्हणतात. पण आत्याच्या बाबतीत लग्नाच्या जागी 'घर' हा शब्द घातला की थट्टा संपते. इस्पितळात तिला डॉक्टर होते, औषध होते, दोन वेळचे जेवण होते. नव्हते ते घर. आमच्याकडे घर होते. पण औषधाच्या वेळा पाळणारे, बिघाडाची पहिली खूण ओळखणारे, रात्री दोन वाजता काय करावे हे जाणणारे कोणी नव्हते. दोन्ही अर्धे एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. मधल्या जागेत एका बाईची तीस वर्षे गेली.

हे दोन अर्धे जोडायचे कोणी, आणि कोणत्या नात्याने, हा माझा प्रश्न आहे. मी जेमतेम मॅट्रिक. त्यानंतर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेऊन शाळेत मुलांना पेला आणि वांगे काढायला शिकवतो. तत्त्वज्ञान मला येत नाही. पण या प्रश्नाचा शोध घेता घेता मी ज्या बाईपर्यंत पोहोचलो तीही चित्रे काढणारी होती, म्हणून थोडा अधिकार सांगतो.

तिचे नाव लोइस कर्टिस. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली ही कृष्णवर्णीय मुलगी. बुद्धीची वाढ कमी आणि त्यात स्किझोफ्रेनिया, यामुळे कुमारवयापासून तिचे आयुष्य संस्थांच्या आत-बाहेर गेले. १९९२ च्या मे महिन्यात ती अटलांटाच्या सरकारी इस्पितळात दाखल झाली. वर्षभरात ती सावरली, आणि बाहेर नीट सोय असेल तर ती बाहेर राहू शकेल असे तिच्यावर उपचार करणाऱ्यांनीच ठरवले. म्हणजे आमच्या आत्याला आले तसेच पत्र म्हणा ना. पण बाहेरची सोय कुठे होती? लोइस आतच राहिली. फरक इतकाच की ती गप्प राहिली नाही. गरिबांना कायद्याची मदत करणाऱ्या तिथल्या संस्थेला ती पुन्हापुन्हा फोन करी आणि मला इथून कधी बाहेर काढणार म्हणून विचारी. अखेर १९९५ साली तिच्या वतीने दावा दाखल झाला. पुढे इलेन विल्सन नावाची तशाच स्थितीतली दुसरी बाई तिच्याबरोबर दाव्यात आली.

दावा चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रतिवादी म्हणून राज्याच्या खात्याच्या आयुक्तांचे नाव होते, त्यावरून तो 'ओल्मस्टेड खटला' म्हणून ओळखला जातो. २२ जून १९९९ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे. त्यांनी म्हटले त्याचा सारांश असा : जो माणूस समाजात राहू शकतो त्याला विनाकारण संस्थेत कोंडून ठेवणे हा भेदभाव आहे, कारण त्यामुळे हा माणूस चारचौघांत राहण्याच्या लायकीचाच नाही हा समज पक्का होतो, आणि नातीगोती, काम, शिक्षण, गाणेबजावणे या रोजच्या जगण्याला तो मुकतो. उपचार करणाऱ्यांना योग्य वाटत असेल, त्या माणसाची स्वतःची ना नसेल आणि राज्याच्या साधनांत बसत असेल, तर त्याला बाहेर राहण्याची सोय मिळाली पाहिजे.

१९९९! आमच्या घरी शिधापत्रिकेवरून आत्याचे नाव गळले तेच वर्ष. हा योगायोग आहे, त्यात अर्थ काढू नये हे मला कळते. तरी तो मनातून जात नाही.

लोइस पुढे स्वतःच्या मनाजोगत्या घरात राहिली, मदतीला माणसे होती, आणि तिने चित्रे काढली. बहुतेक माणसांचे चेहरे. २०११ साली ती व्हाइट हाउसमध्ये गेली आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांना तिने आपले एक चित्र भेट दिले : नारिंगी झगा घातलेली मुलगी. ती मुलगी म्हणजे ती स्वतःच. २०२२ च्या नोव्हेंबरात ती वारली. तिची काही चित्रे मी पाहिली आहेत. प्रमाणबद्धता नाही, छायाप्रकाश नाही. माझ्या वर्गात ती बेताच्याच गुणांची ठरली असती. पण समोरच्या माणसाने आपल्याकडे पाहावे म्हणून वाट पाहत बसलेला चेहरा कसा असतो, हे मला वीस वर्षे शिकवूनही काढता आलेले नाही.

असो. निकाल लागला म्हणून घर मिळत नाही. न्यायालय दार उघडू शकते. दाराबाहेर रस्ता असतो, आणि रस्त्यावर काय असते ते अमेरिकेने आधीच पाहिले होते. १९५५ साली तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. नवी औषधे आली, १९६३ साली केनेडींच्या काळात गावोगाव उपचारकेंद्रे काढण्याचा कायदा झाला, आणि इस्पितळे रिकामी होत गेली. केंद्रे मात्र ठरल्याइतकी निघाली नाहीत, आणि माणूस रात्री निजेल कुठे याचा विचार फार थोड्यांनी केला. पुष्कळजण फुटपाथवर आले, पुष्कळजण तुरुंगात गेले. मुक्तीच्या नावाने झालेल्या या गोष्टीकडे बोट दाखवून, 'बघा, आतच बरे होते,' असे म्हणणारे तिथेही आहेत, इथेही आहेत. त्यांचे म्हणणे मला हसण्यावारी नेता येत नाही. रस्त्यापेक्षा खाट बरी, हे कोण नाकारील? पण त्यांनी निवड दोनच गोष्टींत ठेवली आहे, आणि तिसऱ्या गोष्टीला खर्च येतो एवढ्यासाठीच ती पटावर मांडलेली नाही.

तिसऱ्या गोष्टीत एक मोठी गंमत आहे, आणि ती कारकुनी आहे. अमेरिकेत गरिबांच्या औषधोपचारांचा खर्च करणारी मेडिकेड नावाची योजना आहे. अपंग माणूस नर्सिंग होममध्ये राहिला तर त्याच्या राहण्या-जेवण्यासकट ती पैसे देते. तोच माणूस आपल्या घरी राहिला तर मदतनिसाचे देईल, घरभाड्याचे सहसा देणार नाही. भाड्याला मदत करणारे खाते निराळे. ते भाडे देईल, पण अंघोळ घालायला माणूस देणार नाही. म्हणजे एका खात्याकडे हात आहेत, दुसऱ्याकडे छप्पर आहे, आणि दोघांचे अर्ज, मुदती, साहेब सगळे वेगळे. माणूस मात्र एकच असतो आणि त्याला दोन्ही एकाच दिवशी लागतात. घर मिळाले आणि मदतनीस तीन महिन्यांनी आला तर मधल्या तीन महिन्यांत तो पुन्हा इस्पितळात जातो. मदतनीस मंजूर झाला आणि घर नाही, तर मदतनिसाने यायचे कोणत्या दारी?

हे ध्यानात यायला तिथेही वेळ लागला. २००५ च्या एका कायद्याने संस्थेतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मागून त्याच्या सेवेचा पैसाही बाहेर पडेल अशी तजवीज केली. पैशाने माणसामागे जावे, असेच त्या योजनेचे नाव आहे. २०११ च्या जानेवारीत सही झालेल्या दुसऱ्या कायद्याने तर असे केले की अपंगांच्या भाड्यासाठी ही नवी मदत हवी असेल, तर राज्याच्या घरबांधणी खात्याने आरोग्य खात्याशी आधी करार करून आणला पाहिजे : घरे आम्ही राखून ठेवू, माणसे तुम्ही पाठवा आणि सेवा तुम्ही पोचवा. ही घरे साध्या इमारतींत विखुरलेली असावीत, एका जागी गर्दी करून नवे इस्पितळ होऊ नये, असाही दंडक आहे. भाडेकरूने आपल्या मिळकतीचा साधारण तीस टक्के भाग द्यायचा. दोन खात्यांचे हे लग्न लावणे म्हणजे काही काव्य नव्हे. तरीही नियमांच्या त्या रुक्ष भाषेत मला अण्णांच्या ट्रंकेतल्या चार पत्रांचे उत्तर सापडले. त्या पत्रांत 'घेऊन जावे' असे होते. 'घेऊन गेल्यावर आम्ही दर बुधवारी येऊ' असे कुठेही नव्हते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक उलटी रीत सुरू केली. तोवरची रीत अशी की फुटपाथवरच्या मनोरुग्णाने आधी दारू सोडावी, औषध घ्यावे, आश्रयगृहात नीट वागून दाखवावे, मग पायरी-पायरीने त्याला घर मिळेल. यांनी पहिल्या दिवशी घराची किल्लीच हातात दिली. मदतीला यांची माणसे येत राहणार. पण औषध घेतले नाही म्हणून घर जाणार नाही.

मी हे प्रथम वाचले तेव्हा माझ्यातला मास्तर खवळला. अभ्यास न करणाऱ्याला आधी बक्षीस आणि मग विनंती? अशाने वर्ग चालेल का? पुढे कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांवर माणसे घेऊन याची रीतसर परीक्षा केली. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या रीतीच्या वाट्याला दिले, निम्म्यांना नेहमीच्या. निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगायचा तर दुहेरी आहे. घर आधी मिळालेले लोक कितीतरी अधिक संख्येने घरात टिकून राहिले. पण आजाराची लक्षणे दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. घर मिळाले म्हणून वेड अधिक गेले असे दिसले नाही.

म्हणजे आमची म्हण खोटी ठरली. घर हे औषध नव्हे. पण तेव्हाच मला माझी चूक दिसली. मी घराला बक्षीस समजत होतो. मला स्वतःला घर कोणत्या चांगल्या वागणुकीबद्दल मिळाले होते? माझा रक्तदाब गेली सहा वर्षे चढलेला आहे, डॉक्टरांनी बंद केलेले लोणचे मी चोरून खातो, गोळी चुकवतो. म्हणून कोणी माझ्या दाराला कुलूप घालायला आले नाही. माझे घर आणि माझे पथ्य यांचा संबंध कोणी जोडत नाही. आत्याचा मात्र जोडतात.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्याचे छप्पर त्याचाच हात असावा का? या नव्या रीतीत घरमालक वेगळा आणि मदत करणारा वेगळा ठेवतात. मदतनिसाशी भांडण झाले तरी घर राहते. घर बदलले तरी मदतनीस सुटत नाही. वरवर ही व्यवहाराची बाब दिसते. पण आपल्या घरांकडे पाहा. भावाच्या घरी आलेली बहीण, काकाच्या घरी शिकणारा पुतण्या, मुलाच्या घरी राहणारी म्हातारी आई, यांना छप्पर आणि घास एकाच हातून मिळतो. तो हात कितीही प्रेमाचा असो, ती आई भाजीत मीठ कमी आहे हे सांगताना दोनदा विचार करते. भाड्याच्या घरात आपण पैसे मोजतो. आप्ताच्या घरात कृतज्ञता मोजावी लागते, आणि तिची पावती कधी मिळत नाही. आत्या १९९१ साली आमच्या दोन खोल्यांत आली असती तर कदाचित तिने जन्मभर आईच्या मर्जीने पाणी प्यायले असते. आईही काही दुष्ट नाही, हे पुन्हा सांगतो. अण्णांनी तिला आणायला हवे होते असे मी आजही म्हणतो. पण फक्त आणणे पुरेसे झाले असते, हे आता मी म्हणत नाही.

कोणी मला बेल्जममधल्या गेल गावाचे उदाहरण देईल. तिथे शेकडो वर्षे गावातली कुटुंबे मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. मध्ययुगात संत डिम्फनाच्या देवळात बरे व्हायला येणाऱ्यांना गावकऱ्यांनी ओसरी दिली, तिथून ही रीत पडली. १९३८ च्या सुमारास अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांच्या वर होती. त्यांना रोगी म्हणत नाहीत, जेवायला-राहायला असलेले म्हणतात. आपल्या खाणावळीच्या मेंबरासारखे. तिथे तर छप्पर आणि घास एकाच घरचा! खरे आहे. पण तिथे त्या घराच्या मागे सरकारी इस्पितळ उभे आहे, परिचारिका फेरी मारते, कुटुंबाला मोबदला मिळतो, आणि नाही जमले तर माणसाला माघारी फिरायला जागा आहे. शिवाय तो माणूस त्यांचा रक्ताचा नसतो, त्यामुळे त्याच्या वेडाने घराण्याला बट्टा लागत नाही. आपल्या बहिणीला जे सोसत नाही ते परक्याच्या बहिणीला सहज सोसता येते. माणसाच्या मनाचा हा विचित्र भाग गेलच्या लोकांनी कामाला लावला, असे मला वाटते.

आपल्याकडेही कायदा झाला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. तो २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या एकोणिसाव्या कलमात स्वच्छ म्हटले आहे की केवळ कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्या कारणाने कोणालाही इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. आणि मधल्या टप्प्याची घरे, चौघांनी मिळून राहण्याची घरे यांची सोय सरकारने वाजवी काळात करायची आहे. कलम वाचून माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला लाजत नाही. 'वाजवी काळ' या दोन शब्दांवर मात्र थोडे कोरडेही झाले.

आणि कायद्याचे सोडा, आपले काय? २०१६ साली आमच्याच सोसायटीत एकाने आपला रिकामा ब्लॉक एका संस्थेला भाड्याने द्यायचे ठरवले होते. मतिमंद म्हणून ज्यांना आपण बाजूला काढतो अशी चार प्रौढ माणसे आणि एक सांभाळणारा तिथे राहणार होता. सभा भरली. लहान मुले, लिफ्ट, ब्लॉकची किंमत, सगळे मुद्दे आले. वाईट शब्द कोणी वापरला नाही. आमची सोसायटी सुशिक्षितांची आहे. 'आमची सहानुभूती आहे, पण ही जागा योग्य नाही,' असा ठराव झाला. त्या सभेत मी होतो. माझ्या ट्रंकेत चार पत्रे होती. मी चहा प्यालो आणि हात वर केला नाही, खालीही घेतला नाही. योग्य जागा कोणती हे कोणी कोणाला विचारले नाही, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती : दुसऱ्याची.

आत्या बाहेर आली ती आमच्यामुळे नव्हे. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने २०१५ साली 'होम अगेन' नावाचा उपक्रम काढला. इस्पितळांत वर्षानुवर्षे राहिलेल्या चार-पाच बायांनी गावातल्या साध्या वस्तीत भाड्याच्या घरात मिळून राहायचे, मदतीला एक सोबतीण, आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांनी येत-जात राहायचे. तो धडा पुढे इतर राज्यांतही गिरवला गेला. तशाच धर्तीवर एका संस्थेने २०१९ साली एका जिल्ह्याच्या गावी घर घेतले आणि आत्या त्यात गेली. मला फक्त कळवण्यात आले. पत्र आले नाही, फोन आला.

गेल्या दिवाळीत मी भाऊबीजेच्या दिवशी फराळाचा डबा घेऊन तिथे गेलो. गल्लीतले बैठे घर, पुढे तुळस, दारात रांगोळी. रांगोळीत मोर होता. अर्थात पायांवाचून. आत्याने दार उघडले. पदराच्या टोकाला किल्ली बांधलेली. मला चपला बाहेर काढायला लावल्या. चौघीजणी राहतात, एक कानडी बोलते, एक बहुधा काहीच बोलत नाही. सोबतीण गावातलीच आहे. औषधांचे चार डबे फळीवर, प्रत्येकावर नाव. आत्याला आता आधारकार्ड आहे, बँकेचे पासबुक आहे, निराधार योजनेचे पैसे त्यात जमा होतात. हे सारे तिने मला एकेक करून दाखवले, जसे एखादा मुलगा प्रगतिपुस्तक दाखवतो. शेजारची बाई पहिल्या वर्षी घरमालकाकडे तक्रार घेऊन गेली होती. आता ती हळदीकुंकवाला बोलावते, पण मुलीला मात्र एकटीला इकडे पाठवत नाही. इतकेच झाले आहे. इतके झाले आहे.

सगळे ठीक आहे असे समजू नका. भाडेकरार अकरा महिन्यांचा, आणि तो संस्थेच्या नावाने. आत्याचे नाव त्यावर नाही. घरमालक निवृत्त गृहस्थ आहेत, चांगले आहेत. पण त्यांच्या मुलाला तिथे गाळे काढायचे आहेत. संस्थेची देणगी आटली तर सोबतिणीचा पगार कोण देईल हे कोणालाच नक्की सांगता आले नाही. पदराला बांधलेली ती किल्ली दर अकरा महिन्यांनी एकदा सैल होते. अमेरिकेतल्या दोन खात्यांचे ते रुक्ष करार मला अशा वेळी आठवतात.

तिने मला ओवाळले. वास्तविक हा मान अण्णांचा; तिने त्याबद्दल विचारले नाही, मी सांगितले नाही. त्या चार पत्रांविषयी बोलायचे मी वाटेत ठरवले होते, तेही राहिले. तिने चहा केला, साखर जास्त झाली होती, आणि मी तसे म्हटले तेव्हा ती म्हणाली, 'असू दे, आमच्याकडे असाच करतात.'

निघताना मी ते वाक्य म्हटले. म्हटले, 'आत्या, आमच्याकडे चल ना. आता मुलगी शिकायला बाहेरगावी आहे, खोली रिकामी आहे.' बोलताना मला खरोखरच तसे वाटत होते. तीस वर्षे उशिराने का होईना, पत्राला उत्तर दिल्यासारखे.

तिने क्षणभर विचार केला. मग भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिले. तिथे चौघींच्या नावांनी पाळ्या लिहिल्या होत्या : स्वयंपाक, झाडलोट, पाणी.

'दोन दिवस येईन रे,' ती म्हणाली, 'पण सोमवारी पहाटे माझी पाण्याची पाळी आहे. नळ साडेपाचला येतो. रविवारी रात्री मला इथे आणून सोडशील का?'

मी हो म्हटले आणि रविवारच्या परतीच्या एसटीची वेळ विचारायला स्टँडवर गेलो.